विचारणारा सॉक्रेटीस

सॉक्रेटीसचे चरित्र लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती त्याच्या मौनाची. अथेन्समधील सर्वांत बोलका म्हणून गाजलेल्या या माणसाने आपल्या विचारांची एक ओळही लिहून ठेवली नाही. अखेरच्या दिवसांत तुरुंगात असताना त्याने इसापच्या काही कथा पद्यात बसविल्या असे प्लेटो सांगतो. पण ती पद्येही उरलेली नाहीत. उरली आहेत ती इतरांनी त्याच्याविषयी लिहिलेली पाने. त्यांतील ॲरिस्टोफेनिसचे ‘मेघ’ हे प्रहसन सॉक्रेटीसच्या हयातीत, इ. स. पू. ४२३ मध्ये, रंगभूमीवर आले. प्लेटो आणि झेनोफन यांनी लिहिले ते मुख्यतः त्याच्या मृत्यूनंतर. ॲरिस्टॉटलचा तर जन्मच पंधरा वर्षांनी झाला. या सर्वांनी रंगविलेला सॉक्रेटीस एकच नाही. प्रहसनातला सॉक्रेटीस टोपलीत बसून आकाश न्याहाळतो आणि पैसे घेऊन वादविद्या शिकवितो. झेनोफनचा सॉक्रेटीस व्यवहारी सल्ला देणारा भला गृहस्थ आहे. प्लेटोचा सॉक्रेटीस तर संवादागणिक बदलत जातो. तथापि प्लेटो आणि झेनोफन यांची एका बाबतीत एकवाक्यता आहे. हा माणूस दिवसाचा बराचसा वेळ बाजारात, व्यायामशाळेत, सावकाराच्या मेजापाशी, चांभाराच्या दुकानात घालवी आणि समोरचा काही बोलला की त्याच्या बोलण्याचा अर्थ त्यालाच विचारी.

त्याचा जन्म इ. स. पू. ४७० च्या सुमारास, अथेन्सच्या तटाबाहेरील ॲलोपेकी या वस्तीतला. वडील सोफ्रोनिस्कस हे परंपरेनुसार पाथरवट. आई फायनारिटी सुईण होती. आईच्या या व्यवसायाचा प्लेटोने पुढे मोठा उपयोग करून घेतला. सॉक्रेटीस स्वतः काही प्रसवत नाही, दुसऱ्याच्या मनात असलेले बाहेर येण्यास साहाय्य करतो, ही उपमा सर्वतोमुखी झालेली आहे. उपमा सुरेख आहे, परंतु तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. प्लेटोच्या आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या संवादांत बाहेर येते ते बहुधा मूल नसून मूल नसल्याचे ज्ञान असते. झँथिपी ही त्याची पत्नी. लँप्रोक्लीझ, सोफ्रोनिस्कस आणि मेनेक्सेनस हे तीन मुलगे. बापाच्या मृत्युसमयी त्यांपैकी दोघे अद्याप लहान होते. पॉटिडीया, डिलियम आणि ॲम्फिपोलिस या तीन मोहिमांत तो पायदळात लढला. एवढ्या मोहिमा सोडल्या तर त्याने शहर सहसा सोडले नाही.

बोलण्याचा अर्थ विचारणे ही गोष्ट तशी क्षुल्लक आहे. घरात, हाटात, प्रवासात ती दिवसाकाठी पन्नास वेळा घडते. मराठीत तिच्यासाठी एकच शब्द पुरतो, ‘म्हणजे?’ क्रियापदातून निघालेला हा शब्द संभाषणात जोडशब्द म्हणून येतो, आणि तोच स्वर चढवून उच्चारला की प्रश्न होतो. ग्रीकांपाशी यासाठी ‘पोस लेगेइस’ असा अगदी बोलीतला प्रयोग होता. कसे म्हणतोस, एवढाच त्याचा शब्दार्थ. प्लेटोच्या संवादांत तो पानोपानी भेटतो, आणि तो केवळ सॉक्रेटीसच्या तोंडी येतो असे नाही. त्याच्याशी बोलणारेही त्याला तसेच मध्येच थांबवितात. भाषांतरांत हा प्रयोग बहुधा पांडित्यपूर्ण वाक्याखाली दडपला जातो आणि मग दोन माणसे रस्त्यात उभी राहून बोलत आहेत हे वाचकाच्या ध्यानात राहत नाही.

परंतु या क्षुल्लक प्रश्नात एक मेख असते. तो विचारणारा आपल्याला कळले नाही असे सांगत असतो, की बोलणाऱ्यालाच आपल्या बोलण्याचा अर्थ ठाऊक नाही असे सुचवीत असतो? शब्द तेच, स्वर पुष्कळदा तोच. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर ‘म्हणजे?’ असे विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. नीटसे ध्यानात आले नाही, असे म्हणून उणेपणा स्वतःकडे घ्यावा लागतो. विसाव्या शतकात हॅरल्ड गार्फिंकेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना एक गमतीची कामगिरी सांगितली होती. परिचितांशी बोलताना त्यांच्या अगदी साध्या विधानाचाही अर्थ विचारायचा. प्रकृती कशी आहे असे कोणी पुसले तर कोणत्या दृष्टीने कशी, असे उलट विचारायचे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या प्रयोगांची हकीगत आहे. दोन-चार वाक्यांतच समोरची माणसे चिडत. अथेन्समध्ये हा प्रयोग काही दशके चालला होता.

त्याचा आरंभ कसा झाला याची कथा प्लेटोने सॉक्रेटीसच्या न्यायालयातील भाषणात घातली आहे. त्याचा उतावळा मित्र कायरेफॉन याने डेल्फीच्या देवस्थानात जाऊन सॉक्रेटीसहून शहाणा कोणी आहे काय असा कौल लावला, आणि कोणी नाही असे उत्तर आले. एरवी अशा उत्तराने माणूस फुगून जाता, किंवा नम्रपणे ते बाजूस ठेवता. सॉक्रेटीसने या दोहोंपैकी काहीच केले नाही. देवाच्या म्हणण्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्याला पडला. देव खोटे बोलणार नाही. पण आपण शहाणे नाही हेही त्याला ठाऊक होते. देवाला समोर बसवून विचारण्याची सोय नसल्याने त्याने माणसांना विचारण्यास सुरुवात केली. आधी तो राजकारणी पुरुषांकडे गेला, मग कवींकडे, शेवटी कारागिरांकडे.

साहित्याच्या अभ्यासकाने यातील कवींचा प्रसंग विसरता कामा नये. कवींच्या उत्तमोत्तम रचना हाती घेऊन त्याने त्यांचा अर्थ त्या कवींनाच विचारला आणि त्याला असे आढळले, की आसपास उभा असलेला कोणीही माणूस त्यांच्याहून बरे विवेचन करू शकला असता. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की कवी लिहितात ते ज्ञानाने नव्हे, एका प्रकारच्या दैवी संचाराने. पुढे प्लेटोने कवींविषयी जे कठोर निर्णय दिले त्यांचे मूळ या रस्त्यातल्या चौकशीत आहे. हा निष्कर्ष न्याय्य होता असे मात्र म्हणवत नाही. काव्याचा अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता न येणे हे अज्ञानाचेच लक्षण असेल असे नाही, आणि आपल्याकडच्या ध्वनिवादी आचार्यांनी तर त्यातच काव्याचे सामर्थ्य पाहिले. ज्याचे उत्तर दुसऱ्या शब्दांत देता येते तेच ज्ञान, हे सॉक्रेटीसचे गृहीत होते. कारागिरांकडे मात्र त्याला खरे ज्ञान सापडले. जोडा कसा शिवावा हे चांभाराला येत होते आणि विचारले तर सांगताही येत होते. त्याचा दोष एवढाच, की आपला धंदा कळतो म्हणून उरलेले सारेही कळते असे तो समजे.

चांभारांशी त्याची सलगी अथेन्सभर प्रसिद्ध होती. सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात तो बसे आणि सायमन त्याची संभाषणे टिपून ठेवी, अशी आख्यायिका उत्तरकालीन चरित्रकार डायोजेनीझ लेअर्टियस याने नोंदविली आहे. विसाव्या शतकात अथेन्सच्या प्राचीन बाजाराच्या उत्खननात, बाजाराच्या सीमेच्या दगडाला लागूनच, एका घराचे अवशेष निघाले. तेथे जोड्यांचे लोखंडी खिळे आणि हाडाच्या कड्या विखुरलेल्या होत्या, आणि एका पेल्याच्या बुडाशी सायमन हे नाव मालकीदर्शक रूपात कोरलेले आढळले. तो हाच सायमन, हे सिद्ध करता येत नाही. परंतु बाजाराच्या हद्दीवरील अशा एखाद्या दुकानात, कातड्याच्या वासात, न्याय आणि शौर्य यांची चर्चा चालत असे याचे चित्र त्यावरून डोळ्यांपुढे उभे करता येते.

‘लॅकीझ’ या संवादात ही चर्चा कशी वळण घेई हे चांगले दिसते. दोन वृद्ध बाप आपल्या मुलांना शस्त्रविद्या शिकवावी की नाही याचा सल्ला घेण्यासाठी लॅकीझ आणि निकियस या दोन सेनापतींना बोलावतात. सॉक्रेटीस तेथे असतो. निकियस यजमानाला आधीच बजावतो, की या गृहस्थाशी कोणत्याही विषयावर बोलणे काढले तरी शेवटी माणसाला स्वतःच्या आयुष्याचा जबाब द्यावा लागतो. होतेही तसेच. शस्त्रविद्येवरून गोष्ट शौर्यावर येते आणि शौर्य म्हणजे काय असे विचारताच लॅकीझला तो प्रश्न अगदी सोपा वाटतो. जो आपली जागा सोडीत नाही, पळत नाही, तो शूर. सॉक्रेटीस त्याला सिथियन घोडेस्वारांची आठवण देतो. ते पळता पळताच लढतात. गंमत अशी, की याच लॅकीझने डिलियमच्या पराभवात माघार घेताना सॉक्रेटीसला जवळून पाहिले होते आणि तेथील त्याच्या वागण्याची वाखाणणीही केली होती. जे शौर्य त्याने माघारीत पाहिले ते त्याच्या व्याख्येत बसत नव्हते. प्लेटोने हे बोलून दाखविलेले नाही. लॅकीझ शेवटी वैतागून सांगतो, की शौर्य काय ते मला मनात कळते, पण शब्दांच्या चिमटीत ते सापडत नाही. हा अनुभव अप्रामाणिक नाही, आणि सॉक्रेटीसही येथे त्याला हिणवीत नाही. आपणही त्याच अवस्थेत आहोत असे सांगून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटण्याचे ठरवितो.

सर्वच प्रसंग इतके निर्मळ नव्हते. ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस न्याय म्हणजे बलिष्ठाचे हित असे सांगतो. त्यावर सॉक्रेटीस खुलासा मागतो तो असा: पॉलिडॅमस हा मल्ल आपल्याहून बलिष्ठ आहे, त्याला गोमांस मानवते, तर तेच आपल्यालाही हितकर आणि न्याय्य समजावयाचे काय? थ्रॅसिमॅकस संतापतो आणि आपले म्हणणे मुद्दाम वाकडे घेतल्याचा आरोप करतो. तो आरोप खरा आहे. थ्रॅसिमॅकसच्या म्हणण्याचा रोख ऐकणाऱ्या कोणालाही समजला असता. येथे अर्थ विचारलेला नसून बोलणाऱ्याची फजिती केलेली आहे. प्रोटॅगोरस या थोर वादपटूशी बोलताना सॉक्रेटीस आपण विसराळू असल्याची सबब सांगून लहान उत्तरे मागतो, आणि तसे होत नाही असे पाहून उठून चालू लागतो. त्याचा चाहता ॲल्सिबायडीझ तेथेच सांगून टाकतो, की हे विसराळूपण लटके आहे. एकूण, चाहत्यांनाही संशय येई. खरोखर न कळल्यामुळे विचारणारा सॉक्रेटीस आणि कळूनही विचारणारा सॉक्रेटीस यांतील सीमा त्या काळी कोणाला आखता आली नाही, आणि त्याच्या भोवती जमणारे श्रीमंत घरांतील रिकामटेकडे तरुण तर त्याचे पाहून घरोघर हाच उद्योग करू लागले. बापांना मुलांकडून व्याख्या विचारल्या जाऊ लागल्या. त्यांच्या रागाचा धनी अर्थात सॉक्रेटीस झाला.

भारतीय परंपरेत प्रश्नांना तोटा नाही, परंतु त्यांचे स्थान वेगळे असते. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत गार्गी एकामागून एक प्रश्न विचारीत जाते आणि पलीकडे विचारशील तर मस्तक गळून पडेल, अशी ताकीद याज्ञवल्क्याकडून तिला मिळते. ती सभा विद्वानांची आहे आणि ब्रह्मविद्येच्या वादाचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तर विचारणारा राजा ग्रीकच आहे. नागसेन काही सांगतो आणि मिलिंद पुनःपुन्हा त्यासाठी उपमा मागतो. हा खुलासा मागण्याचाच प्रकार होय. पण तेथे आरंभीच करार होतो, की राजाने पंडिताप्रमाणे वाद करावा, राजाप्रमाणे नव्हे. कारण राजाला न पटलेल्या उत्तराची शिक्षा होऊ शकते. मराठीपुरते बोलायचे तर महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’तील महदाइसा आठवते. तिची जिज्ञासा चक्रधरांच्या परिवारात प्रसिद्ध होती, आणि स्वतः ग्रंथ न लिहिणाऱ्या गुरूचे बोलणे शिष्यांच्या आठवणींतून गोळा करण्याचे म्हाइंभटाचे काम प्लेटो-झेनोफन यांच्या कामाशी ताडून पाहण्याजोगे आहे. मात्र महदाइसा विचारते ती गुरूला, उत्तर मिळणार या विश्वासाने. अथेन्सच्या बाजारात उलटा व्यवहार होता. तेथे ज्याला गुरू म्हणावे तोच विचारीत होता, आणि ज्यांना विचारीत होता त्यांनी शिष्यत्व पत्करलेले नव्हते.

विचारणाऱ्याला सत्तेशी समोरासमोर यावे लागले ते इ. स. पू. ४०४ मध्ये. स्पार्टाकडून पराभव झाल्यानंतर तीस जणांच्या मंडळाने अथेन्समध्ये सत्ता बळकावली. त्याचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटीसच्या भोवती वावरलेला, प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. मंडळाने शेकडो नागरिकांना ठार मारले. सॉक्रेटीस तेव्हा कोठेतरी बोलून गेला, की ज्याच्या हाताखाली गुरे कमी होतात आणि खंगतात त्या गुराख्याने आपण वाईट गुराखी असल्याचे कबूल करू नये हे नवल आहे. हे बोलणे वर पोहोचले. क्रिटियस आणि त्याचा साथीदार कॅरिक्लीझ यांनी त्याला बोलावून घेतले आणि शब्दविद्या शिकविण्यास बंदी करणारा कायदा दाखविला.

यापुढचा प्रसंग झेनोफनने नोंदविला आहे, आणि सॉक्रेटीसचे सारे आयुष्य जणू त्यात आवळून आलेले आहे. हुकूम न कळल्यास खुलासा मागण्याची परवानगी आहे काय, असे सॉक्रेटीसने प्रथम विचारले. ती मिळाल्यावर त्याने सांगितले, की कायदा पाळण्यास मी तयार आहे, पण अजाणता तो मोडला जाऊ नये म्हणून नीट समजून घ्यावयाचे आहे. ज्या शब्दविद्येस बंदी आहे ती बरोबर बोलण्यास साहाय्य करणारी की चूक बोलण्यास? बरोबर बोलण्यास असेल, तर बरोबर बोलणेच सोडावे लागेल. कॅरिक्लीझ संतापला. तुला एवढे समजत नसेल तर सोपा हुकूम देतो, तरुणांशी अजिबात बोलायचे नाही, असे त्याने फर्माविले. सॉक्रेटीसने विचारले, कोणत्या वयापर्यंतच्या माणसाला तरुण समजावे? तिसाव्या वर्षापर्यंत, असे उत्तर मिळाले. मग मी काही विकत घेऊ लागलो आणि विकणारा तिशीच्या आतला असला, तर किंमत विचारावी की नाही? एखाद्या तरुणाने मला कॅरिक्लीझ कोठे राहतो, क्रिटियस कोठे आहे असे विचारले, तर सांगावे की नाही?

किमतीच्या प्रश्नावर कॅरिक्लीझने दिलेला जबाब मार्मिक होता. किंमत वगैरे विचारायला हरकत नाही. पण सॉक्रेटीस, ठाऊक असलेल्या गोष्टीच विचारण्याची तुला खोड आहे, असे तो म्हणाला. क्रिटियसने पुस्ती जोडली, की ते चांभार, सुतार आणि लोहार आता पुरे झाले. त्यांची नावे घेऊन घेऊन ती झिजली असतील. आणि कॅरिक्लीझने शेवटी गुराख्यांचेही नाव घेतले, व नाहीतर आणखी एक गुरू कमी होईल असे बजावले. बोलावण्याचे खरे कारण तेथे उघड झाले.

हा जुलमी अंमलदार सॉक्रेटीसच्या पुष्कळ भक्तांहून त्याला अधिक ओळखत होता असे म्हणावे लागते. किंमत विचारणे आणि न्याय म्हणजे काय असे विचारणे या दोन प्रश्नांचे व्याकरण एक आहे. त्यांतला पहिला प्रश्न राज्याला चालतो आणि दुसरा चालत नाही, कारण दुसऱ्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे धरूनच राज्य चालते. झेनोफनने हा प्रसंग गुरूच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून दिला. त्याहून मोठे काही आपण लिहून ठेवतो आहोत याची त्याला जाणीव होती की नव्हती, कोण जाणे.

पुढे याच मंडळाने सॅलॅमिस बेटावरच्या लिऑन नावाच्या माणसाला पकडून आणण्यासाठी पाच जणांना पाठविले, त्यांत सॉक्रेटीस होता. चौघे गेले; तो सरळ घरी गेला. दोन वर्षांपूर्वी, इ. स. पू. ४०६ मध्ये, लोकशाहीच्याच अंमलात आर्जिन्यूसीच्या आरमारी लढाईनंतर सेनापतींवर एकत्रित खटला चालविण्याचा ठराव आला, तेव्हाही त्याने विरोध केला होता. जमाव ओरडत असताना हे कायद्यात बसत नाही एवढेच त्याचे म्हणणे होते. सहा सेनापतींना देहान्त शासन झाले. अथेन्सने नंतर पश्चात्ताप केला, तो उशिरा.

तीसांची सत्ता कोसळली, लोकशाही परतली, माफी जाहीर झाली. इ. स. पू. ३९९ मध्ये मेलेटस, अनिटस आणि लायकॉन यांनी सॉक्रेटीसवर फिर्याद गुदरली: नगराचे देव तो मानीत नाही, नवी दैवते आणतो, तरुणांना बिघडवितो. या खटल्याची प्राथमिक चौकशी जेथे व्हायची त्या राजशासकाच्या ओवरीपाशी ‘युथिफ्रो’ हा संवाद घडतो. या ओवरीचा पाया १९७० साली उत्खननात सापडला. ती फारशी मोठी नाही. तेथे भेटलेला युथिफ्रो आपल्या बापावरच मनुष्यवधाची फिर्याद करण्यास आलेला असतो. बापाने एका खुनी मजुराला बांधून खंदकात टाकले आणि आता काय करावे हे विचारण्यासाठी अथेन्सच्या धर्माधिकाऱ्याकडे माणूस धाडला; उत्तर येण्यापूर्वी मजूर थंडीने आणि उपासमारीने मेला. खुलासा येईपर्यंत माणसे थांबू शकत नाहीत, हे प्लेटोने येथे किती सहज नोंदवून ठेवले आहे. धर्माचरण काय हे आपल्याला पक्के ठाऊक असल्याची युथिफ्रोची खात्री असते. चार-पाच व्याख्या मोडून पडल्यावर त्याला एकाएकी कामाची आठवण होते आणि तो निघून जातो.

बाजारात युथिफ्रोला निघून जाता येत होते. न्यायालयात मात्र अथेन्सच्या कायद्याप्रमाणे प्रतिपक्षाला प्रश्नाचे उत्तर देणे बंधनकारक होते, आणि सॉक्रेटीसने पाण्याच्या घड्याळाने मोजून दिलेल्या वेळातला काही भाग मेलेटसला आरोपाचा अर्थ विचारण्यात खर्च केला. मी नगराचे देव सोडून दुसरे देव मानतो असे तुझे म्हणणे आहे, की कोणताच देव मानीत नाही असे? मेलेटस दुसरा पर्याय स्वीकारतो. मग नवी दैवते आणल्याचा आरोप कसा उभा राहतो, असे सॉक्रेटीस दाखवून देतो. तर्क बिनतोड होता. पण सुमारे पाचशे न्यायाधीशांपैकी बहुतेकांनी हे ऐकताना बाजारातला तोच जुना माणूस पाहिला असेल. ज्यासाठी त्याला येथे आणले तेच तो येथेही करीत होता. तीस मते इकडची तिकडे झाली असती तरी तो सुटला असता. दोषी ठरल्यावर शिक्षा सुचविण्याची वेळ आली, तेव्हा ऑलिम्पिक विजेत्यांप्रमाणे नगराच्या खर्चाने भोजन मिळावे असे त्याने आधी सुचविले, आणि शेवटी मित्रांच्या जामिनावर तीस मिनांचा दंड. न्यायालयाने मृत्युदंड निवडला.

भारतीय भाषांत सॉक्रेटीसची ओळख बहुतांशी याच भाषणाच्या द्वारे झाली. गांधीजींनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्याचे गुजराती रूपांतर ‘एक सत्यवीरनी कथा’ या नावाने क्रमशः दिले, आणि १९१० साली मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली. सत्याग्रहाच्या ऐन धामधुमीत गांधीजींना हवा होता तो मरणाला न भिणारा वीर, आणि तो त्या भाषणात आहेच. परंतु हे भाषण म्हणजे प्लेटोच्या लेखनातील अपवाद होय. मेलेटसशी झालेली थोडी प्रश्नोत्तरे वगळता तेथे सॉक्रेटीस एकटाच बोलतो. त्यामुळे आपल्याकडे सत्यवीर सॉक्रेटीस घरोघर पोहोचला आणि चांभाराच्या दुकानात बसून विचारणारा सॉक्रेटीस मागे राहिला. अर्थात कॅरिक्लीझच्या वारसांना बंदी घालण्यास सत्यवीरही पुरेसा होता.

डीलॉस बेटाकडे गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत अथेन्समध्ये देहान्त शासन देता येत नसे. त्यामुळे सॉक्रेटीसला महिनाभर तुरुंगवास घडला. क्रिटो या बालमित्राने पलायनाची सर्व सिद्धता केली होती. तिचा उपयोग झाला नाही. अखेरच्या दिवशी जमलेल्या मंडळींत प्लेटो नव्हता, तो आजारी होता. ही नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. त्या दिवशीचा विषय आत्म्याचे अमरत्व. थीब्झहून आलेले सिमियस आणि सीबीझ यांच्या मनात शंका होत्या, पण अशा वेळी विचारावे कसे म्हणून ते आपसांत कुजबुजत होते. सॉक्रेटीसने ते पाहिले आणि त्यांना विचारावयास लावले. त्यांच्या शंका इतक्या खोल निघाल्या, की उपस्थितांचा सगळा विश्वास डळमळला. आयुष्यभर इतरांकडून ज्याची अपेक्षा केली ते त्या दिवशी त्याला स्वतःला द्यावे लागले, आणि ते त्याने न चिडता दिले.

‘फीड्रस’ या संवादात प्लेटोने लेखनाविरुद्ध एक तक्रार सॉक्रेटीसकडून वदविली आहे. लिहिलेले शब्द चित्राप्रमाणे जिवंत भासतात, पण त्यांना काही विचारावे तर ते पुन्हा तेच सांगतात. ही तक्रार लिहूनच आपल्यापर्यंत यावी यातील विरोध प्लेटोला दिसत नव्हता असे समजणे कठीण आहे. त्याने संवादांत समोरच्याचे विचारणेही लिहून ठेवले, ते बहुधा याचसाठी.

सूर्यास्ताच्या सुमारास क्रिटोने दफन कसे करावे असे विचारले. सॉक्रेटीस हसला, पुरायचे ते शरीर, सॉक्रेटीसला पुरणार असे म्हणू नकोस, असे त्याने समजावले. चुकीचे बोलणे केवळ भाषेला नव्हे, जिवालाही अपाय करते, हे त्याचे मत तेवढ्यातही सुटले नव्हते. विषाचा पेला घेऊन आलेल्या माणसाला त्याने आता काय करायचे असते ते विचारले, कारण ते त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. प्यावे आणि पाय जड होईपर्यंत येरझारा घालाव्यात, असे उत्तर मिळाले. यातले थोडे देवाला अर्पण करता येईल काय, हे त्याने विचारले. लागेल तेवढेच आम्ही वाटतो, असे त्या माणसाने सांगितले. मग तो प्याला, चालला आणि आडवा झाला. शरीर कमरेपर्यंत गार पडत आले असता त्याने तोंडावरचे वस्त्र दूर करून क्रिटोला सांगितले, की आरोग्यदेव ॲस्क्लेपियसला एक कोंबडा देणे आहे, तो विसरू नकोस. रोगातून उठलेल्याने द्यावयाचा हा नवस कोणत्या रोगाबद्दल होता याविषयी भाष्यकार आजही वाद घालीत आहेत. क्रिटोने होकार दिला आणि आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारले. त्या प्रश्नाला उत्तर आले नाही.